आइचीतले तीस शब्द

जपानला जाणारे आपल्याकडील प्रवासी टोकियो पाहतात, क्योतोची देवळे पाहतात, हिरोशिमास जाऊन मस्तक नमवतात आणि फुजी पर्वताने ढगांचा पदर क्षणभर बाजूस सारला, तर स्वतःस भाग्यवान समजून परत येतात. टोकियोहून क्योतोस जाताना वाटेत नागोया लागते. शिन्कान्सेन गाडी तिथे मिनिट-दोन मिनिटे थांबते. प्रवासी खिडकीतून फलाट पाहतात आणि पुन्हा पुस्तकात डोके घालतात. आम्हां उभयतांना मात्र नागोयासच उतरायचे होते. कन्या व जावई गेली अकरा वर्षे नोकरीनिमित्त तिथे आहेत आणि आठ वर्षांची नात तर जन्मानेच नागोयाकर.

नागोया ज्या प्रांताचे मुख्य शहर, त्या प्रांताचे नाव आइची. जपानी लिपीत ते दोन चित्राक्षरांनी लिहितात. पहिल्याचा अर्थ प्रेम आणि दुसऱ्याचा जाणणे. परंतु हा अर्थ कळण्याआधीच मराठी कानास दुसरा अर्थ लागलेला असतो. निघण्यापूर्वी बडोद्यास आमच्या शेजारणीने कन्येचा पत्ता विचारला. मी 'आइची' म्हणताच त्यांनी विचारले, "आईची म्हणजे? कोणाच्या आईची?" पुढे तीन महिने त्या प्रांतात राहिल्यावर मलाही ते नाव दुसऱ्या कोणत्या अर्थाने ऐकू येईनासे झाले.

नागोयाच्या वायव्येस इनाझावा नावाचे गाव आहे. मुलूख सपाट, भाजीची शेते लांबवर पसरलेली, आणि बागेत लावायच्या शोभेच्या झाडांची रोपवाटिका तर पावलोपावली. ह्या झाडांच्या पैदाशीसाठी इनाझावा सबंध जपानात प्रसिद्ध आहे. गावाच्या पश्चिमेस सोबुए म्हणून भाग आहे, तिथे घरोघरी गिंको वृक्ष. आम्ही गेलो तो नोव्हेंबरचा महिना, आणि पाने अशी पिवळी झालेली, की दसऱ्याच्या सोन्याची आठवण व्हावी. झाडाखाली पडलेल्या फळांचा दर्प मात्र नाकाला रुमाल लावायला लावतो. त्याच फळांतील बी भाजून मीठ लावले, की जिभेवर हिरवट, किंचित कडसर चव रेंगाळते. त्यास 'गिन्नान' म्हणतात. इनाझावातील कोऽनोमिया देवस्थानाचा उत्सवही नावाजलेला आहे. चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्यात, ऐन थंडीत, हजारो पुरुष केवळ लंगोट लावून देवळाच्या आवारात लोटतात आणि निवडलेल्या एका पुरुषास स्पर्श करून आपली इडापिडा त्याच्यावर सोपवतात. स्त्रियांच्या मंडळांना ह्या उत्सवात प्रथम स्थान मिळाले ते २०२४ साली. हा उत्सव आम्ही चित्रांतच पाहिला. आम्ही इनाझावास गेलो ते बोलिंग खेळण्यासाठी.

बोलिंगचा खेळ आता आपल्या मोठ्या शहरांतूनही आला आहे, तरी ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. गुळगुळीत लाकडी पट्टीच्या, म्हणजे लेनच्या, दुसऱ्या टोकास पंधरा इंच उंचीच्या दहा पिना त्रिकोणात उभ्या असतात. साठ फुटांवरून जड बॉल घरंगळत सोडून त्या पाडायच्या. बॉल कडेच्या पन्हळीत गेला तर गुण शून्य. इनाझावाच्या ग्रँड बोल ह्या केंद्रात अशा ११६ लेन एकाच मजल्यावर ओळीने आहेत, आणि जगातील सर्वांत मोठे बोलिंग केंद्र म्हणून गिनिज बुकात त्याची नोंद आहे. एका टोकास उभे राहिले, तर दुसऱ्या टोकाचा माणूस नातीच्या बाहुलीएवढा दिसतो.

एवढे अफाट दालन ह्या रोपवाटिकांच्या गावात कशासाठी, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर इतिहासात आहे. बोलिंग जपानात प्रथम आले नागासाकी बंदरातील परदेशी वसाहतीत, १८६१ साली. त्या वर्षी २२ जून रोजी तिथल्या इंग्रजी वृत्तपत्रात बोलिंगच्या जागेची जाहिरात आली, म्हणून जपानात २२ जून हा बोलिंगचा दिवस मानतात. पुढे नव्वद वर्षे तो परक्यांचाच खेळ राहिला. १९५२ साली टोकियोच्या आओयामा भागात केंद्र उघडले, आणि १९७० च्या सुमारास देशभर ह्या खेळाचे वेड पसरले. १९७० च्या ऑगस्टमध्ये नाकायामा रित्सुको ह्या व्यावसायिक खेळाडूने दूरदर्शनच्या पडद्यावर तीनशेपैकी तीनशे गुण मिळवले. जपानी व्यावसायिक स्त्रियांत हा पहिलाच विक्रम होता, आणि ती घराघरांतली नायिका झाली. १९७२ साली देशात ३,६०० हून अधिक केंद्रे होती. इनाझावाचे केंद्र त्याच भरतीतले. दुसऱ्याच वर्षी तेलाचे संकट आले आणि भरती ओसरली. आज त्या केंद्रांचा चौथा हिस्साही उरलेला नाही. जी टिकली, तिथे आता कुटुंबे येतात, वृद्धांची मंडळे येतात, शाळकरी मुलांचे वाढदिवस होतात.

आमच्या नातीच्या वर्गातील एका मैत्रिणीच्या घरून असेच आमंत्रण आले. त्यांचे कुटुंब चौघांचे, आमचे पाचांचे. रविवारी सकाळी खेळायचे, मग बरोबर आणलेले जेवायचे. आमंत्रण घेऊन नात माझ्याकडे आली आणि तिने मला एक कोरी वही दिली. "आजी, तीस शब्द," ती म्हणाली. "तेवढे आले की पुरे."

ह्या तीस शब्दांमागे एक लहानशी गोष्ट आहे. ऑक्टोबरात तिच्या शाळेचा क्रीडादिन झाला. जपानी शाळेचा क्रीडादिन म्हणजे गावची जत्राच, आजी-आजोबा चटया टाकून बसतात आणि आपले पोर धावू लागले, की बेंबीच्या देठापासून "गाम्बारे!" म्हणून ओरडतात. नेटाने कर, हार मानू नकोस, असा त्याचा भाव. नात धावत होती, तेव्हा आम्ही उभयता कौतुकाने पाहत होतो, टाळ्या वाजवत होतो. रात्री जेवताना तिने सहज विचारले, "सगळ्यांचे आजी-आजोबा ओरडत होते. तुम्ही गप्प का होता?" त्यावर कोणी काही बोलले नाही. लेकीने तिच्या पानात आमटी वाढली.

हे दुखणे बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथल्या मराठी घरांना नवे नाही. आपली मुले जेवतात मराठीत, रडतात मराठीत, देवापुढे शुभंकरोति म्हणतात मराठीत. पण अंगणात उतरली, की त्यांची जीभ गल्लीची होते. उत्तरायणाच्या दिवशी बडोद्याच्या गच्च्यांवर उभे राहून पाहावे. दांडिया बाजारातल्या तीन पिढ्यांच्या मराठी घरातला मुलगासुद्धा दुसऱ्याचा पतंग कापला, की "काप्यो छे!" असेच ओरडतो. 'कापला आहे' असे ओरडलेले मी जन्मात ऐकले नाही, आणि ऐकले असते तर हसू आले असते. व्याकरण, पाठांतर, सणवार ह्यांची भाषा घर देते. आनंदाच्या भरात तोंडून निसटणारा शब्द मात्र सवंगडी देतात. माझ्या सासूबाई कोकणातून बडोद्यास आलेल्या. गुजराती त्यांना बाजारापुरतीच येई, पण "काप्यो छे" त्या अगदी ठसक्यात म्हणत. ते का, हे मला नागोयास कळले.

तेव्हा वही उघडली. नातीचा आग्रह असा, की निदान बोलिंगचे शब्द मी कताकाना लिपीत लिहावे. जपानी भाषेत चित्राक्षरांखेरीज दोन वर्णलिप्या आहेत, हिरागाना आणि कताकाना. परभाषेतून आलेले शब्द कताकानात लिहितात, आणि बोलिंग तर सारेच परभाषेतले. मुख्य अक्षरे शेहेचाळीस. त्यांचा तक्ता नातीच्या खोलीत भिंतीवर लावलेला आहे. त्यापुढे मी उभी राहिले आणि वाचू लागले: आ, इ, उ, ए, ओ, का, कि, कु, के, को. ही तर आपली बाराखडी! पुढच्या ओळींचा क्रमही का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा. 'च'च्या जागी 'स' आणि 'प'च्या जागी 'ह' आला आहे एवढे ध्यानी घेतले, की आपल्या वर्णमालेचा सांगाडा उघड दिसतो. हा योगायोग नव्हे. बौद्ध ग्रंथांसाठी जपानी भिक्षूंनी संस्कृत ध्वनींचा आणि सिद्धम् लिपीचा अभ्यास केला. त्यातूनच आपल्या भाषेचे ध्वनी ह्या क्रमाने मांडण्याची रीत त्यांनी उचलली. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ साली जपानास पोहोचला होता. नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन ७५२ साली त्याच्याच हस्ते झाले. त्या तक्त्यापुढे उभे राहून मी नातीस 'क ख ग घ' म्हणून दाखवले आणि कोणत्या घरात कोण बसते ते बोटाने दाखवले. मराठी मुळाक्षरांचा कंटाळा करणारी ही मुलगी त्या दिवशी दहा मिनिटे तक्त्यासमोरून हलली नाही.

बोलिंगचे शब्द कानाला ओळखीचे, पण वेश पालटून आलेले. जपानी जिभेस जोडाक्षर सोसत नाही, म्हणून 'स्ट्राइक'चा होतो 'सुतोराइकु'. स्पेअरचा 'सुपेआ', बॉलचा 'बोऽरु', लेनची 'रेऽन'. 'ल' आणि 'र' ह्यांत त्यांना फरक नाही. गंमत अशी, की कामगारांच्या संपालाही त्याच इंग्रजी शब्दावरून नाव पडले, पण तो 'सुतोराइकि'. शेवटच्या एका स्वरात गिरणी बंद होते किंवा दहाही पिना पडतात. खिडकीची काच 'गारासु', ती डच व्यापाऱ्यांकडून आली; पाणी पिण्याचा पेला 'गुरासु', तो इंग्रजीतून. खुद्द बोलिंगचे नाव आणि जमिनीत भोक पाडण्याच्या कामाचे नाव उच्चारात एकच होतात, म्हणून खेळाचे नाव लिहिताना एक अक्षर मुद्दाम निराळे घालतात. ज्याचा स्वतःचा बॉल असतो, त्याच्या बॉलला 'माइ बोऽरु' म्हणतात. इंग्रजीतले 'माय' येथे 'स्वतःचा' अशा अर्थाने रुळले आहे. त्यामुळे 'तुमचा माइ बोऽरु कुठे आहे?' असे खुशाल विचारता येते. मला तो शब्द ऐकला, की प्रत्येक वेळी मायबोली आठवे.

परके शब्द वहीत उतरवून घेण्याचा हा उद्योग जपानात जुना आहे आणि त्याचा एक धागा आपल्या गोव्याशी जोडलेला आहे. १५४९ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघाला आणि ऑगस्टमध्ये जपानच्या कागोशिमा बंदरात उतरला. त्याच्याबरोबर गोव्यात शिकलेला एक जपानी माणूसही होता. त्याच्या पंथाच्या धर्मोपदेशकांनी १६०३ साली नागासाकीस जपानी शब्दांचा पोर्तुगीज कोश छापला, त्यात सुमारे ३२,००० शब्द आहेत. माझ्या तिसांच्या मानाने पुष्कळच. त्या काळच्या दळणवळणाने जपानी घरांत जे पोर्तुगीज शब्द शिरले, त्यांतले काही आपल्याही घरांत आहेत. तंबाखूस ते 'ताबाको' म्हणतात आणि पावाला 'पान'. गोव्याकडून आपल्या तोंडी आलेला 'पाव' आणि हा 'पान' एकाच पोर्तुगीज आईची लेकरे.

सर्वांत वेळ गेला तो मोजणीत. जपानीत नुसते एक, दोन, तीन म्हणून भागत नाही. काय मोजायचे ते पाहून अंक रूप बदलतो. लांबट वस्तूंना 'होन' लावतात: पेन्सिल, छत्री, केळे, बाटली, झाड. पिना ह्याच घराण्यातल्या. एक पिन 'इप्पोन', दोन 'निहोन', तीन 'सान्बोन', सहा 'रोप्पोन', आठ 'हाप्पोन', दहा 'जुप्पोन'. बुटांच्या जोडास निराळे: 'इस्सोकु, निसोकु, सान्झोकु'. माणसांना आणखी निराळे: 'हितोरि, फुतारि', आणि तिथून पुढे 'सान्निन'. हे ऐकून ह्यांनी वही मिटली. बँकेत अडतीस वर्षे आकडे मोजलेल्या माणसास हा अव्यवहार वाटला. पण मला विचाराल तर मराठी माणसास ह्याचे नवल वाटू नये. आपण तरी 'दोन माणसे आली' म्हणतो का? दोघे आले, दोघी आल्या, तिघे, चौघी. आणि चौघांनंतर ही चैन संपते. कोथिंबिरीची जुडी, लाकडांची मोळी, केळ्यांचा फणा. नातीला हे सांगितल्यावर तिने दोघे आणि दोघी ह्यांतला भेद विचारला, आणि जपानीत बायकांची मोजणी वेगळी का नाही म्हणून उलट जपानीलाच नावे ठेवली.

वाक्यरचनेने मात्र सुखाचा धक्का दिला. 'कोनो बोऽरु वा ओमोइ देसु ने' ह्याचे शब्दाला शब्द ठेवून मराठी करावे: 'हा बॉल तर जड आहे ना'. क्रियापद शेवटी, विभक्तीचे चिन्ह नामाच्या मागून, आणि शेवटी तो लाडका 'ने', अगदी आपल्या 'ना'सारखा, समोरच्याची मान डोलवून घेणारा. 'वाताशि नो बान', माझी पाळी. इंग्रजी शिकताना वाक्य उलटे करावे लागते, तसे येथे काहीच करावे लागले नाही. नातेसंबंधांतही तेच. थोरला भाऊ, थोरली बहीण ह्यांना नावाने हाक मारीत नाहीत, दादा-ताईसारखे शब्द आहेत, धाकट्यांना नावाने. आजी म्हणजे 'ओबाऽसान'. त्यातला 'बा' लांबवला नाही, तर तो शब्द मावशी-काकूचा होतो. पण काका आणि मामा ह्यांना ऐकायला एकच नाव, तिथे आपली भाषा श्रीमंत.

आणि मग ओरडायचे शब्द, ज्यांसाठी हा खटाटोप. 'गाम्बात्ते', 'सुगोइ' म्हणजे वा, काय सुरेख, 'यात्ता' म्हणजे जमले, जिंकलो. 'ओशीऽ' हा शब्द मला फार आवडला. एखादीच पिन डुलून उभी राहिली, की म्हणायचे 'ओशीऽ'. थोडक्यात हुकले, असा अर्थ. पण जी वस्तू वाया जाऊ नये, जपावी, तिच्यासाठीही हाच शब्द वापरतात. हुकलेल्या गोष्टीचे मोल त्यात आहे. शेवटचा 'दोनमाइ'. दोन इंग्रजी शब्दांचा चुरा करून केलेला. सोबत्याचा बॉल पन्हळीत गेला, की त्याला धीर देण्यासाठी म्हणायचा. नातीने विचारले, "ह्याला मराठीत काय?" मी म्हटले, "असू दे." तिने दोन-तीनदा घोळवून पाहिला आणि वहीत दोनमाइच्या पुढे लिहायला लावला.

रविवारी सकाळी दोन्ही कुटुंबे इनाझावास पोहोचली. दाराशी असलेल्या मुलीने कमरेत वाकून किती जण म्हणून विचारले आणि ह्यांनी, वही मिटलेल्या ह्यांनी, खणखणीत आवाजात सांगितले, "क्युऽमेइ देसु." नऊ जण. आदराने मोजायचा प्रत्यय 'मेइ', तो कुठून उचलला कोण जाणे. भाड्याचे बूट यंत्रातून मिळतात, माप सेंटिमीटरात. माझे साडेतेवीस, म्हणजे 'निजूसान तेन गो'. त्या यंत्राने पायांखाली टाकलेले बूट पाहून मला उगाच आमच्या शाळेतल्या कवायतीच्या बुटांची आठवण झाली.

डोक्यावरच्या पडद्यावर खेळणाऱ्यांची नावे लिहावी लागतात. नातीने माझ्यासाठी कताकानात 'आजी' लिहिले, आणि तिची मैत्रीण पोट धरून हसू लागली. 'आजि' हे बांगड्यासारख्या दिसणाऱ्या एका माशाचे नाव आहे आणि तो जपानी घरांत रोजच्या जेवणातला. नात गोरीमोरी झाली, खोडायला निघाली. तेव्हा मैत्रिणीच्या आजींनी तिचा हात धरला. 'आजि'चा दुसराही अर्थ आहे, त्या म्हणाल्या: चव. राहू दे, चांगले नाव आहे. दिवसभर मी त्या पडद्यावर मासा की चव, कोण म्हणून मिरवले, ते ज्याने त्याने ठरवावे.

ह्या आजी सत्तरी ओलांडलेल्या, अंगाने बारीक, पाठीत किंचित वाकलेल्या. त्यांची पाळी आली तेव्हा आम्ही सगळेच जरा जपून उभे राहिलो. त्यांनी बॉल छातीशी धरला, चार पावले टाकली, आणि पाचव्याला गुडघा असा काही लववला, की बॉल लाकडावर ठेवल्यासारखा आवाज न करता निघाला. दहाच्या दहा पिना. सुनेने सांगितले ते असे: १९७२ साली त्या नागोयातल्या एका कचेरीत नोकरीस होत्या. सुटीच्या दिवशी लेन मिळण्यासाठी मैत्रिणींबरोबर तीन-तीन तास रांगेत बसत. नाकायामा रित्सुकोसारखे केस कापून घेतले म्हणून वडिलांनी आठवडाभर अबोला धरला होता. लग्नानंतर चाळीस वर्षे बॉलला हात लावला नाही. यजमान गेल्यावर एके दिवशी एकट्याच येऊन खेळून गेल्या, घरी कोणास न सांगता. आता दर बुधवारी मंडळ असते.

हे सारे सुनेने लेकीस, लेकीने मला सांगितले. पण पुढचे दोन तास आमच्या दोघींच्या मध्ये दुभाषी नव्हते. त्या माझ्याजवळ बसून दर खेपेस पडलेल्या पिना मोजायच्या, "रोप्पोन", आणि मी उरलेल्या सांगायची, "योन्होन". बॉल उचलताना "ओमोइ देसु ने", म्हणजे जड आहे ना. त्यावर "ने", हो ना. शेजारच्या लेनवर कोणी उभे असेल, तर थांबून 'दोऽझो' म्हणायचे, आधी तुम्ही. त्यांनी माझ्या मनगटास हात लावून "मास्सुगु" म्हटले, सरळ. मग माझा बॉल मधोमध गेला आणि आठ पिना पडल्या. जावयांनी लागोपाठ तीनदा सगळ्या पाडल्या, त्यास 'ताऽकीऽ' म्हणतात, टर्की पक्ष्यावरून. त्या पक्ष्याचे जपानी नाव शब्दशः सात तोंडांचा पक्षी असे आहे, आणि जावयांच्या तोंडाकडे पाहून ते पटले.

नातीचा खेळ मात्र त्या दिवशी बसेना. सहाव्या फेरीत बॉल दोनदा पन्हळीत गेला. मैत्रिणीचे गुण तिच्या दुप्पट झाले होते. ती परत येऊन बाकावर बसली, ओठ घट्ट मिटून, क्रीडादिनाच्या रात्री बसली होती तशीच. वहीतला शब्द माझ्या ओठांवर होता. मी "दोनमाइ!" म्हणून ओरडले, इतक्या मोठ्याने, की पलीकडच्या दोन लेनवरच्या मंडळींनी वळून पाहिले. ह्यांनी लगेच "गाम्बात्ते!" म्हणून पुस्ती जोडली. नातीने आधी आजूबाजूला पाहिले, मग आमच्याकडे. आणि मग मराठीत, अगदी आमच्या बडोद्याच्या हेलात, म्हणाली, "असू दे गं आजी, असू दे."

जपानी आजींनी कान टवकारले. "आसु दे?" त्यांनी विचारले. 'आसु' म्हणजे जपानीत उद्या, आणि 'दे' हा प्रत्यय. उद्या झाले तरी चालेल, असे पोर म्हणते आहे, असा त्यांचा समज झाला. लेक दुरुस्त करायला निघाली होती. पण त्या मान हलवून नातीस म्हणाल्या, होय होय, उद्या पाडू. सातव्या फेरीत तिने नऊ पाडल्या. दहावी डुलत राहिली आणि उभीच राहिली. आम्ही दोघी आज्या एका सुरात ओरडलो, "ओशीऽ!"

माझे गुण सत्तावन्न झाले, ह्यांचे एकसष्ट; त्या चार गुणांचा उल्लेख नागोयापासून बडोद्यापर्यंत होत राहिला. दुपारी केंद्राबाहेर ऊन अंगावर घेत जेवलो. आमच्याकडून थालीपीठ आणि लिंबाचे गोड लोणचे, त्यांच्याकडून भाताचे मुटके, भाजलेले गिन्नान आणि मऊ गोड पाव. त्यांनी पाव पुढे करून "पान" म्हटले, मी हातात घेऊन "पाव" म्हटले, आणि आम्ही दोघींनी मुलांकडे असे पाहिले, की जणू हा आमचा आधीच ठरलेला संकेत होता. थालीपीठ त्यांनी चवीने खाल्ले आणि पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आजि."

निघताना त्यांनी माझी वही मागितली. तीस शब्द त्यांनी बोट फिरवत एकेक करून वाचले. एका ठिकाणी स्वर लांबवण्याची रेघ घातली. शेवटी एकतिसावी ओळ कोरी होती. तिथे त्यांनी पेन्सिलीने सावकाश चार अक्षरे काढली, 'आ', 'सु', 'दे' आणि शेवटी लांबवण्याची एक रेघ, जी मराठी उच्चारात नाही. अक्षरे कताकानातली होती, परक्या शब्दांसाठी असलेल्या लिपीतली. मग त्यांच्या गाडीची वेळ झाली म्हणून सुनेने हाक मारली. नात आणि तिची मैत्रीण रस्त्याच्या कडेला पडलेली गिंकोची पाने मोजत होत्या, आणि पानांना कोणता प्रत्यय लावायचा ह्यावर त्यांचा वाद चालला होता.